कोठीघरातील कोंदट हवा आणि संगणकाचे लहान पंखे

(सामान्य विज्ञान व कार्यानुभव : इयत्ता ७ वी व ८ वी)

मध्यान्ह भोजनाचा तांदूळ ज्या खोलीत ठेवला जातो ती खोली पुष्कळ शाळांतून सर्वांत दुर्लक्षित असते. तिला एक दार व फार तर एक झरोका असतो. उंदरांच्या भीतीने तो झरोकाही बहुधा फळी ठोकून बंद केलेला असतो. पोती भिंतीला टेकलेली, जमीन ओलसर आणि दार उघडताच नाकाला जाणवणारा कुबट वास, असे तेथील चित्र असते. तांदूळ हा हवेतील ओलावा शोषून घेणारा पदार्थ आहे. जेथे हवा खेळत नाही तेथे पोत्याच्या भिंतीकडील बाजूस प्रथम बुरशी धरते. आणि तो तांदूळ अखेरीस मुलांच्याच ताटात यावयाचा असतो.

दुसरीकडे, त्याच शाळेच्या कपाटात बंद पडलेले एखाद-दुसरे संगणक धूळ खात पडलेले आढळतात. संगणकाच्या पेटीतील उष्ण हवा बाहेर टाकण्यासाठी तीत लहान, चौकोनी चौकटीचे पंखे बसविलेले असतात. संगणक निकामी झाला तरी हे पंखे बहुधा चांगले राहतात. अशा दोन पंख्यांच्या साहाय्याने कोठीघरातील हवा खेळती ठेवणे व ते करता करता विद्यार्थ्यांस विद्युत्प्रवाहाचे काही नियम प्रत्यक्ष दाखविणे, हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे. मात्र संगणक जडवस्तुसंग्रह नोंदवहीत दाखल असेल तर निर्लेखनाची रीतसर मंजुरी मिळाल्याखेरीज त्याचा एक स्क्रूही काढू नये. तसे असल्यास दुरुस्तीच्या दुकानातून जुने पंखे आणणे अधिक सोयीचे.

पंख्यावरील चिठ्ठी

पंखा हाती येताच प्रथम त्याच्या मध्यभागी चिकटविलेली चिठ्ठी वाचावी. ही गोष्ट शिक्षकाने स्वतः करावी, ती विद्यार्थ्यांवर सोपवू नये. संगणकातील पंखा साधारणतः १२ व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालतो व चिठ्ठीवर ‘डी.सी. १२ व्ही.’ अशा अर्थाची अक्षरे आणि त्यापुढे प्रवाहाचा आकडा, उदाहरणार्थ ०.२० अँपिअर, छापलेला असतो. परंतु याच आकाराचे, याच चौकटीचे, दिसावयास अगदी भावंडांसारखे दुसरे पंखे बाजारात मिळतात, ते थेट घरगुती वीजपुरवठ्यावर, म्हणजे २२० ते २४० व्होल्ट उलटसुलट प्रवाहावर चालणारे असतात. यंत्रांच्या पेट्यांतून ते वापरले जातात. चिठ्ठीवर ‘ए.सी.’ व २२० किंवा २३० असा आकडा दिसल्यास तो पंखा तत्काळ बाजूला ठेवावा. चिठ्ठी फाटलेली किंवा पुसट असेल तर पंखा कितीही चांगला दिसो, तो या पाठात वापरू नये. १२ व्होल्टच्या उघड्या तारेस मुलाचा हात लागला तर काही होत नाही. २३० व्होल्टच्या तारेस लागला तर ते मूल दगावू शकते. साऱ्या पाठाची सुरक्षितता या एका फरकावर उभी आहे.

संगणकात आणखी एक पंखा असतो, तो वीजपुरवठा करणाऱ्या लोखंडी पेटीच्या आत. त्याच्या लोभाने ती पेटी उघडू नये. तिच्यातील धारित्रांत ३०० व्होल्टहून अधिक दाबाचा विद्युत्भार साठलेला असतो व प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकतो. पेटी न उघडता तिच्यापासून १२ व्होल्ट मिळविता येतात हे खरे. तिच्या पिवळ्या तारेत १२ व्होल्ट व तांबड्या तारेत ५ व्होल्ट असतात, काळ्या तारा ऋण असतात आणि मोठ्या जोडणीतील हिरवी तार काळीशी जोडल्यास पेटी सुरू होते. परंतु ही पेटी १२ व्होल्टच्या बाजूस कित्येक अँपिअर प्रवाह देऊ शकते. चुकून दोन तारा एकमेकींस चिकटल्या तर बारीक तार क्षणात तापून तिचे वेष्टण वितळते. शाळेसाठी १२ व्होल्ट, १ अथवा २ अँपिअर क्षमतेचा बंदिस्त अडॅप्टर हेच योग्य साधन होय.

अडॅप्टर विकत घेतला वा जुना सापडला, तरी तो बहुमापकाने, म्हणजे मल्टिमीटरने, तपासल्यावाचून जोडू नये. मापकाचा काटा वा खटका एकदिश २० व्होल्टच्या खुणेवर ठेवावा. चांगल्या अडॅप्टरचे माप १२ च्या आसपास येते. जुन्या, वजनदार, आत रोहित्र असलेल्या अडॅप्टरवर १२ लिहिलेले असूनही भार नसताना १६ किंवा १७ व्होल्ट दिसतात. असा अडॅप्टर एकट्या लहान पंख्यास लावणे बरे नव्हे. मापकात वजा चिन्ह आल्यास मापकाच्या तारा उलट लागल्या आहेत असे समजावे. कोणती तार धन व कोणती ऋण, हे येथेच निश्चित होते. धन तारेस तांबडी चिकटपट्टी लावून ठेवली म्हणजे पुढे घोटाळा होत नाही.

तारांचे रंग

दोन तारांच्या पंख्यात तांबडी तार धन व काळी ऋण असते. तीन तारांच्या पंख्यात तिसरी तार बहुधा पिवळी असून ती पंख्याच्या फेऱ्या मोजण्यासाठी असते. तिचा येथे उपयोग नाही. तिचे टोक चिकटपट्टीने झाकून सोडून द्यावे. चार तारांचा पंखा मात्र फसवा आहे. त्यात पुष्कळदा काळी ऋण, पिवळी धन, हिरवी फेऱ्या मोजणारी आणि निळी गती कमी-अधिक करणारी असते. म्हणजे एका पंख्यात जी पिवळी तार निरुपयोगी, तीच दुसऱ्या पंख्यात मुख्य. काही कारखाने तर सर्वच तारा काळ्या ठेवतात. अशा वेळी रंगांपेक्षा जोडणीच्या टोकातील क्रम भरवशाचा असतो: तीन व चार, दोन्ही प्रकारांत पहिली तार ऋण, दुसरी धन व तिसरी फेऱ्यांची. जोडणीच्या टोकावर एका बाजूस ज्या दोन उंच कडा असतात, त्या पहिल्या तीन तारांच्याच बाजूला असतात. गती नियंत्रित करणारी निळी तार मोकळी सोडल्यास पंखा पूर्ण वेगाने फिरतो, त्यात काही बिघाड नाही.

येथे वर्गात एक प्रश्न विचारण्याजोगा आहे. खेळण्यातील मोटरीच्या दोन तारा उलट जोडल्या तर ती उलट फिरते, हे विद्यार्थ्यांनी पाहिलेले असते. मग हा पंखा उलट जोडल्यास काय होईल?

पुष्कळ विद्यार्थी “गुरुजी, उलटा फिरेल व हवा मागे टाकील,” असे उत्तर देतील. उत्तर चुकीचे असले तरी विचार करून दिलेले आहे, म्हणून शिक्षकाने ते मोडून काढण्याची घाई करू नये. एक निकामी पंखा घेऊन त्याची पाती अलगद ओढून काढावी. मधल्या टोपीच्या आत चुंबकाचे एक कडे दिसेल, आणि चौकटीला पक्क्या बसविलेल्या तांब्याच्या वेटोळ्या दिसतील. खेळण्यातील मोटरीत वेटोळी फिरते व चुंबक स्थिर असतो. येथे चुंबक फिरतो व वेटोळ्या स्थिर आहेत. त्यांच्याखालच्या चकतीवर एक इवलासा घटक असतो. चुंबकाचा कोणता ध्रुव समोर आला आहे हे तो ओळखतो व त्यानुसार वेटोळ्यांतील प्रवाह बदलविला जातो. एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञास १८७९ मध्ये आढळलेल्या परिणामावर तो चालतो. फिरण्याची दिशा या मंडलाने ठरविलेली असते, तारांनी नव्हे. तारा उलट जोडल्या तर पंखा बहुधा स्तब्ध राहतो, आणि संरक्षक घटक नसल्यास त्याचे मंडल जळतेही. म्हणून हा प्रयोग चांगल्या पंख्यावर करून पाहू नये.

हवा दुसऱ्या दिशेने न्यावयाची असेल तर पंखाच उलटा बसवावा. हवा सामान्यतः ज्या बाजूस आधाराच्या दांड्या व चिठ्ठी असते त्या बाजूने बाहेर पडते. चौकटीच्या कडेवर पुष्कळदा बाणही कोरलेले असतात. एक बाण फिरण्याची व दुसरा हवेची दिशा दाखवितो.

दोन पंखे जोडण्याची रीत

पंखे समांतर जोडावेत. अडॅप्टरच्या धन तारेस दोन्ही पंख्यांच्या धन तारा व ऋण तारेस दोन्ही ऋण तारा जोडल्या की प्रत्येक पंख्यास पूर्ण १२ व्होल्ट मिळतात. एकसर जोडणीत, म्हणजे एकापुढे एक पंखे जोडल्यास, दाब वाटला जातो. दिव्यांच्या बाबतीत तो सारखा वाटला जातो. पंख्यांच्या बाबतीत तसा भरवसा देता येत नाही. त्यांच्यातील मंडल प्रवाह सारखे तोडत-जोडत असल्याने एक पंखा चालू होतो व दुसरा अडखळतो, असे पुष्कळदा घडते. २४ व्होल्टचा जुना अडॅप्टर सापडला म्हणून दोन पंखे एकसर जोडण्याचा मोह होतो, तो टाळावा.

समांतर जोडणीत प्रवाहांची बेरीज होते. प्रत्येकी ०.२० अँपिअरच्या दोन पंख्यांस ०.४० अँपिअर लागतील. १ अँपिअरच्या अडॅप्टरवर ते सुखाने चालतील. असे चार पंखे ०.८० अँपिअर घेतील. तेही चालतील, परंतु सुरू होण्याच्या क्षणी पंखा थोडा अधिक प्रवाह ओढतो, म्हणून चारांसाठी २ अँपिअरचा अडॅप्टर घेणे शहाणपणाचे. अडॅप्टरवरचा आकडा म्हणजे तो देऊ शकेल तो कमाल प्रवाह होय. २ अँपिअरचा अडॅप्टर लावल्याने ०.२० अँपिअरच्या पंख्यात २ अँपिअर घुसत नाहीत. पंखा आपल्या गरजेइतकाच प्रवाह घेतो. ही शंका विद्यार्थ्यांस हमखास येते, आणि कित्येकदा मोठ्यांनाही.

तारांची टोके नुसती पिळून ठेवू नयेत. डाख देता येत असल्यास डाख द्यावा, नाहीतर स्क्रूची लहान जोडपट्टी वापरावी. डाखाची कानी शिक्षकाच्या हाती असावी. तारेचे वेष्टण सोलणे, रंग जुळविणे व मापकाने तपासणे ही कामे विद्यार्थ्यांनी करावीत. अडॅप्टर सॉकेटमध्ये घालण्याचे काम शेवटी, सर्व जोडण्या झाकल्यानंतर आणि शिक्षकानेच करावे. सॉकेट कोठीघराच्या बाहेर, मुलांच्या हाताबाहेरच्या उंचीवर असावे. आत फक्त १२ व्होल्टची तार न्यावी. तार लांब झाल्यास दाब थोडा घटतो, पण दहा मीटर अंतरावर अर्धा चौरस मिलीमीटर जाडीची तांब्याची तार नेली तरी ०.४० अँपिअर प्रवाहास पाव व्होल्टहून किंचित अधिक इतकीच घट येते.

ज्या गावी वीज वारंवार जाते तेथे १२ व्होल्टची घटमाला वापरण्याची कल्पना पुढे येईल. घटमाला शांत दिसते, पण दोन टोके एकत्र येताच ती प्रचंड प्रवाह देते. म्हणून तिच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत १ अँपिअरचा फ्यूज बसविल्याखेरीज ती वर्गात आणू नये. सौर तावदान थेट पंख्यास जोडणेही चुकीचे. १२ व्होल्टचे म्हणून विकले जाणारे तावदान भर उन्हात भार नसताना २० व्होल्टच्या घरात जाते.

पंखा कोठे बसवावा

जोडणी होते, पंखे गुरगुरू लागतात आणि काम संपले असे वाटते. वास्तविक अर्धे काम येथून पुढे आहे. पंखा हवा निर्माण करीत नाही, हलवितो. जेवढी हवा बाहेर जाईल तेवढीच आत यावयास वाट हवी. पंखे झरोक्यात, छताजवळ, हवा बाहेर टाकतील असे बसवावेत. समोरच्या भिंतीत किंवा दाराच्या तळाशी हवा आत येण्याची वाट ठेवावी. १२० मिलीमीटरच्या दोन पंख्यांची मिळून तोंडे सुमारे २२५ चौरस सेंटिमीटर होतात. जाळीने काही वाट अडते हे धरून आत येण्याची वाट २० सेंटिमीटर लांब व तितकीच रुंद असावी. दोन्ही ठिकाणी उंदीर शिरणार नाही अशी लोखंडी जाळी ठोकावी. झरोक्यात पंख्याभोवती उरलेली फट फळीने पूर्ण बंद करावी. फट राहिली तर बाहेर टाकलेली हवा त्याच फटीतून परत आत येते, पंखा रात्रंदिवस फिरतो आणि खोलीतील कुबट वास होता तसा राहतो.

हे उदबत्तीने सुंदर दाखविता येते. दार लावून, खालच्या वाटेपाशी पेटती उदबत्ती धरावी. धूर आत ओढला जाऊन पोत्यांवरून झरोक्याकडे गेला तर रचना बरोबर आहे. तो दारापाशीच घोटाळत राहिला तर वाट अपुरी आहे किंवा कोठे तरी फट आहे. मग उदबत्ती झरोक्याच्या कडेकडेने फिरवावी, फट आपोआप सापडते. उदबत्ती पोत्यांपासून दूर धरावी, हे सांगावयास नकोच.

आता गणित. १२० मिलीमीटरच्या पंख्यावर किंवा त्याच्या खोक्यावर मिनिटास ५० घनफूट असा आकडा असल्यास तो तासास सुमारे ८५ घनमीटर होतो. परंतु हा आकडा पंख्यापुढे काहीही अडथळा नसतानाचा असतो. जाळी, अरुंद वाट व धूळ यांमुळे निम्मी हवा धरणे योग्य, म्हणजे ४० घनमीटर. दोन पंख्यांची ८० घनमीटर. कोठीघर ३ मीटर लांब, २.५ मीटर रुंद व २.८ मीटर उंच असेल तर त्यात २१ घनमीटर हवा मावते. तासाभरात ती जवळजवळ चार वेळा बदलेल. कोठीघरासाठी हे पुरेसे आहे.

हेच पंखे वर्गखोलीस लावले तर काय होईल, असे चलाख विद्यार्थी विचारल्यावाचून राहणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये वसतिबाह्य इमारतींसाठी माणशी सेकंदास १० लिटर ताज्या हवेची शिफारस केली. चाळीस मुलांच्या वर्गास त्या मानाने तासास १,४४० घनमीटर हवा लागेल. प्रत्येक पंख्यास ४० घनमीटर धरल्यास ३६ पंखे हवेत! समोरासमोरच्या दोन खिडक्या वाऱ्याच्या झुळुकीत हे काम फुकट करतात. तेव्हा वर्गखोलीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात व पंखे कोठीघरासाठी राखावेत. घरगुती सामग्रीतून वर्गाचे वायुवीजन साधलेच नाही असे मात्र नव्हे. करोनाच्या साथीत, २०२० मध्ये, जर्मनीतील माइन्त्स येथील माक्स प्लांक रसायनशास्त्र संस्थेतील फ्रांक हेलाइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधकामाच्या दुकानात मिळणाऱ्या साहित्यातून तेथील एका शाळेसाठी अशी रचना उभी केली. प्रत्येक बाकावर छत्रीसारखे एक झाकण टांगून, नळ्यांच्या जाळ्यातून उच्छ्वासाची उष्ण हवा खिडकीतील पंख्याने बाहेर टाकली. एका वर्गाच्या साहित्याचा खर्च सुमारे २०० युरो आला. त्यांनी हवा खोलीभर पसरू देण्यापूर्वीच, ती जेथे वर चढते तेथे, पकडली. पंख्याच्या बळापेक्षा त्याच्या जागेचा विचार आधी केला. आपल्या कोठीघरात पंखा छताजवळ असावयाचा तो ह्याच कारणाने.

पंखा केव्हा बंद ठेवावा

पावसाळ्यात पंखा सतत चालू ठेवला तर तांदूळ कोरडा राहील अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. ती चुकीची आहे, आणि नुकसानकारकही. बाहेरची हवा २७ अंश सेल्सिअस तापमानाची व ९० टक्के सापेक्ष आर्द्रतेची असेल तर ती २५ अंशांच्या जरा वरच थंड होताच तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊ लागते. कोठीघराची फरशी २४ अंशांवर असली तर आत ओढलेली हवा तिच्यावर दव सोडील. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तसाच प्रकार. अशा दिवशी पंखे बंद ठेवून वाटा झाकाव्यात, पोती लाकडी फळ्यांवर व भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत आणि ऊन पडून हवा कोरडी झाली की दुपारी पंखे लावावेत. शाळेत कोरड्या व ओल्या फुग्याचा तापमापक असेल तर ही नोंद रोज एका विद्यार्थ्याकडे द्यावी. दोन फुग्यांच्या आकड्यांत अंतर जास्त असले की हवा कोरडी व पंखे लावावयाचे; अंतर एखाद्या अंशाचेच असले की बंद. हिवाळ्यात व उन्हाळ्यात बहुतेक दुपारी पंखे निःशंक चालवावेत.

ज्या खोलीत स्वयंपाकाच्या वायूची टाकी आहे तेथे ही रचना करू नये. तो वायू हवेहून जड असतो, जमिनीलगत साठतो. छताजवळचा पंखा त्यास बाहेर काढीत नाही, आणि सैल जोडणीतील एक ठिणगी तेथे पुरेशी असते. चुलीच्या धुरासाठीही हे पंखे नाहीत. काजळी व तेलाची वाफ त्यांच्या पात्यांवर बसते, आणि प्लॅस्टिकची चौकट उष्णतेने वाकते.

महिन्यातून एकदा अडॅप्टर काढून पंख्याची पाती कोरड्या मऊ फडक्याने पुसावीत. पंखा घरघर वा खरखर असा आवाज करू लागला, किंवा पाती बोटाने फिरविल्यावर अडखळली, तर तो बदलावा. थांबलेल्या पंख्यास काडीने ढोसून सुरू करण्याची सवय मुलांस लागू देऊ नये.

पाठाच्या शेवटी पुढील उदाहरणे फळ्यावर द्यावीत. प्रत्येकी ०.२० अँपिअरचे दोन पंखे १२ व्होल्टवर किती वॅट वीज घेतील, व रोज १० तास चालविल्यास एक युनिट संपावयास किती दिवस लागतील? (४.८ वॅट; सुमारे २१ दिवस. अडॅप्टरमध्ये काही वीज वाया जाते, म्हणून प्रत्यक्षात याहून थोडे कमी.) ७ अँपिअर-तासांची घटमाला निम्म्याहून अधिक रिकामी होऊ द्यावयाची नसेल तर हे दोन पंखे तीवर किती तास चालतील? (सुमारे पावणेनऊ तास.) तिसरे उदाहरण उत्तराशिवाय द्यावे: विद्यार्थ्यांनी आपल्या शाळेच्या कोठीघराची लांबी, रुंदी व उंची स्वतः मोजून, पोत्यांनी व्यापलेली जागा वजा करून, तेथील हवा तासाला किती वेळा बदलेल ते काढावे.